नाणे की सेल? पहिले दोन तास निर्णायक

देवळाली प्रवरा - लहान मुलाने नाणे गिळले, की घरोघरी होणारे उपाय ठरलेले असतात. कोणी पाठ थोपटतो, कोणी केळे भरवतो आणि "सकाळपर्यंत पडून जाईल" असा दिलासा वडीलधारी मंडळी देतात. हा दिलासा अगदीच निराधार नाही. मुलांनी गिळलेल्या वस्तूंपैकी ८० ते ९० टक्के वस्तू उपचारांविना शौचावाटे बाहेर पडतात. १० ते २० टक्के प्रकरणांत दुर्बिणीची गरज भासते. शस्त्रक्रियेची वेळ तर एक टक्क्याहून कमी मुलांवर येते. मात्र, बटणाच्या आकाराच्या सेलने हे जुने गणित बिघडवले आहे.

टीव्ही बॉक्सचा रिमोट, वजनकाटा, मोटारीची किल्ली, जत्रेतील लुकलुकणारी खेळणी, दिवाळीतील विजेच्या पणत्या अशा अनेक वस्तूंत हे सेल असतात. त्यांतील सर्वांत धोकादायक लिथियम सेल २० मिलिमीटर व्यासाचा असतो. २०१९ मध्ये आलेल्या एक रुपयाच्या नव्या नाण्याचा व्यासही तेवढाच आहे. त्यामुळे मुलाने "पैसा गिळला" असे सांगितले, तरी पोटात गेलेली वस्तू नाणेच असेल, याची खात्री देता येत नाही.

सेल अन्ननलिकेत अडकला, की ओलसर आवरणातून वीजप्रवाह सुरू होतो आणि ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते. सेल फुटावा लागत नाही, की गळावा लागत नाही. रिमोट चालवण्यास निकामी ठरलेला सेलही इजा करू शकतो. अवघ्या दोन तासांत अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते. सेल काढल्यानंतरही इजा वाढत राहते आणि काही मुलांत दिवसांनी वा आठवड्यांनी महाधमनीला छिद्र पडून मृत्यू ओढवतो. लाळ गळणे, जेवण नाकारणे, उलटी, खोकला ही लक्षणे. पण काही मुलांत सुरुवातीला एकही लक्षण दिसत नाही.

देवळाली प्रवरासारख्या निमशहरी गावांपुढचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो. एक्स-रे जवळपास निघू शकतो. पण लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने सेल काढणारे पथक मोठ्या रुग्णालयातच असते. त्यासाठी लोणी किंवा अहिल्यानगरची वाट धरावी लागते. दोन तासांतील बराच वेळ केळी भरवण्यात आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाण्यात गेला, तर उरतो तो फक्त प्रवास. म्हणूनच पहिल्या एक्स-रेचे वाचन महत्त्वाचे ठरते. नाण्याची कडा एकेरी दिसते, सेलची दुहेरी. हा फरक ओळखून मोठ्या रुग्णालयाला आधीच दूरध्वनी केला, तर तेथे तयारी करून ठेवता येते. २०१४ पासून राज्यात सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा अशा वेळी उपयोगी पडते.

घरच्यांनी उलटी करवू नये, खायला देऊ नये. सेल गिळून १२ तास झालेले नसतील, मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयात पोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा, असे अमेरिकेतील विषबाधा केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मधाने इजेचा वेग मंदावतो. मात्र तो शोधण्यासाठी थांबू नये. एकाहून अधिक लोहचुंबक गिळल्यासही तातडीने रुग्णालय गाठावे. आतड्याचे पदर त्यांत चिमटले जाऊन छिद्र पडू शकते. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकणे हा वेगळा प्रकार असून, मूल गुदमरत असल्यास त्याच क्षणी प्रथमोपचार करावे लागतात.

कायद्याची बाजू अर्धवट आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. पण हा आदेश खेळण्यांपुरता असल्याने रिमोट, वजनकाटे त्याच्या कक्षेत येत नाहीत. अमेरिकेने दीड वर्षाच्या मुलीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये अशा ग्राहकोपयोगी वस्तूंनाही लागू होणारा कायदा केला. ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी सक्तीचे नियम आले. स्क्रूने बंद होणारे झाकण आणि मुलांना न उघडणारे वेष्टन, एवढीच त्यांची मुख्य मागणी आहे.

तोवर रिमोटच्या सैल झाकणाला चिकटपट्टी लावणे आणि जुना सेल लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवणे, हे पालकांच्याच हाती आहे.