भिंत कुठे घालायची?

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये महापालिकेच्या आणि खासगी शाळांची अजिंक्यपदं वेगळी करावीत, असं आमच्या कट्ट्यावर अधूनमधून कुणीतरी म्हणतं. त्यामागची कळकळ खरी आहे. एकीकडे पगारी प्रशिक्षक, दुसरीकडे पॅडची एकच जोडी आळीपाळीनं बांधणारी मुलं. सामना कसला?

पण भिंत घालायची कुठे? संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकारी, अशा अनुदानित शाळा आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्या कोणत्या बाजूला? शिवाय गुणी मुलगा खासगीतून खासगीतही जातोच. आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला. दोन्ही शाळा खासगी संस्थांच्याच. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये त्याची आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी झाली. ती आपण कौतुकानं सांगतो. समोरच्या गोलंदाजांचं कुणी विचारत नाही.

मी बँकेत होतो. (आमचे काही सहकारी सहीपुरते टेबलाशी दिसत, उरलेला दिवस मैदानावर!) कार्यालयांच्या टाइम्स शील्डमध्ये संघांचे अ, ब, क असे गट असत. मालक सरकार की शेठजी, हा सवाल नव्हता. जिंकलात की वरच्या गटात. शाळांनाही तेच लावावं. वेगळं अजिंक्यपद दिलंत, तर महापालिकेच्या शाळेतल्या मुलाच्या हाती चषक येईल. पण बलाढ्य संघाविरुद्ध खेळून निवड समितीच्या नजरेत भरण्याची संधी जाईल.

आणि पॅडची दुसरी जोडी तेवढी महापालिकेनं द्यावी.