विश्लेषण : गोंदियातील दुकानाची फ्रँचायझी बालाघाटला द्यावी का?

नाश्त्याचे दुकान जरा नावारूपाला आले की मालकाला हमखास विचारणा होते, ‘आमच्या गावात तुमची फ्रँचायझी द्याल का?’ गोंदियात ही विचारणा तिरोडा-आमगावातून येते, तशीच सीमेपलीकडच्या बालाघाट आणि डोंगरगडहूनही येऊ शकते. भांडवल दुसऱ्याचे आणि नाव आपले, हा सौदा वरवर बिनधोक वाटतो. प्रत्यक्षात तो कुठे अडतो?

विकायचे नेमके काय?

फ्रँचायझीत नाव आणि पद्धत विकली जाते, चव आपोआप जात नाही. तर्रीचा अंदाज मालकाच्या किंवा एका जुन्या कारागिराच्या हातात असेल, तर दुसऱ्या गावात जाते ती फक्त पाटी. २००१ मध्ये मुंबईत मालाड स्थानकाबाहेर सुरू झालेला ‘जम्बो किंग’ किंवा २००४ मध्ये कल्याणहून निघालेला ‘गोली वडापाव’ यांना फ्रँचायझी पेलली. वडा एका ठिकाणी तयार होऊन दुकानात फक्त तळला जाईल, अशी व्यवस्था त्यांनी लावली होती. गोंदियातल्या दुकानदारासाठी पहिली परीक्षा हीच. मसाला वजन करून पाकिटात भरता येतो का? आणि मालक आठवडाभर गावी नसताना ग्राहकाला फरक कळतो का? कळत असेल, तर इतक्यात फ्रँचायझीचे नाव काढू नये.

कायदा कितपत पाठीशी आहे?

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावे लागते. इथे सगळी मदार १८७२ च्या करार कायद्यावर आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यावर आहे. करार चालू असेपर्यंत ‘दुसऱ्याचा माल विकू नका’ ही अट टिकते. कोका-कोला आणि गुजरात बॉटलिंग यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ते स्पष्ट केले. करार संपल्यानंतर मात्र कलम २७ आडवे येते. जुना फ्रँचायझीधारक त्याच गल्लीत वेगळ्या पाटीखाली तोच धंदा करू लागला, तर केवळ ‘हा धंदा करू नका’ म्हणून त्याला रोखणे जवळजवळ अशक्य असते. रोखता येतो तो नावाचा वापर.

म्हणून नावाची नोंदणी आधी, करार नंतर. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते. पाकीटबंद फरसाण आणि उपाहारगृहाची सेवा हे वर्ग वेगळे, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

नावाची हद्द न पाळल्यास काय होते, हे ‘हल्दीराम’च्या वादात दिसले. १९७४ मध्ये भागीदारी संपताना पश्चिम बंगालपुरते नाव एका शाखेकडे आणि उर्वरित देशासाठी दुसरीकडे गेले. पुढे बंगालच्या शाखेतून दिल्लीत दुकान निघाले आणि नव्वदच्या दशकात घरचा वाद न्यायालयात पोहोचला. घरात हे होते, तर परक्याशी करार करताना ‘बालाघाट’ म्हणजे शहर की अख्खा जिल्हा, हे लिहून घेतलेले बरे.

सीमेवरच्या दुकानदाराची जास्तीची अडचण कोणती?

जीएसटी. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेले अनेक छोटे व्यावसायिक कंपोझिशन योजनेत असतात, कारण हिशेब सोपा. पण या योजनेतल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. गोंदियाहून तिरोड्याला मसाला पाठवला तर चालतो. तोच बालाघाटला, म्हणजे जेमतेम ४० किलोमीटरवर, पाठवला की योजनेतून बाहेर पडावे लागते. नागपूर त्याच्या तिप्पट लांब, तरी तिथे ही अडचण नाही.

दुसरी मेख रॉयल्टीची. ती ‘सेवा’ ठरते. कंपोझिशनमधल्या व्यावसायिकाला सेवेतून मागील वर्षाच्या उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यापर्यंतच उत्पन्न घेता येते. उपाहारगृहाची स्वतःची सेवा त्यात धरत नाहीत. आणि नियमित करदाता झाले की रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी लावावा लागतो.

तो बोजा कोणाच्या माथी?

फ्रँचायझी घेणाऱ्याच्या. सामान्य उपाहारगृह ५ टक्के कर लावते, पण त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. महिन्याला ३ लाखांची विक्री आणि ५ टक्के रॉयल्टी धरली, तर १५,००० रुपयांवर २,७०० रुपये कर, तोही परत न मिळणारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. रॉयल्टीचा दर होता तिथेच राहिला. त्यामुळे ठोकळ हिशेबात दुकान उघडण्याचा हक्क विकण्यापेक्षा पाकीट विकणे स्वस्त पडते.

मग मधला मार्ग?

रॉयल्टी न घेता फक्त मसाला आणि फरसाण पुरवायचे, नफा मालाच्या दरातच धरायचा, हा एक. यात देखरेखीचा हक्क कमी मिळतो, शिवाय बालाघाटला माल द्यायचा तर कंपोझिशन सोडावेच लागते. दुसरा मार्ग, आमगाव किंवा तिरोड्याला स्वतःची शाखा काढून एक पूर्ण वर्ष चालवणे. धानाचे चुकारे हाती आल्यावरची गर्दी आणि भर पावसाळ्यातली मंदी, दोन्ही त्यात दिसतात. त्या वर्षाचा जमाखर्चच फ्रँचायझी मागणाऱ्यासमोर ठेवता येतो. गोंदियाच्या मूळ दुकानाचा गल्ला दाखवून अनामत घेणे सोपे आहे. पण त्या गल्ल्यात रेल्वे जंक्शनची वर्दळ धरलेली असते, आणि ती आमगावात नाही.