‘रुग्ण उशिरा आला’ : हा ठपका कोणावर?

डोळ्याच्या पडद्यावरील उपचार अयशस्वी ठरले की रुग्णालयाच्या केसपेपरवर एक वाक्य हमखास लिहिले जाते : ‘रुग्ण उशिरा आला.’ परिषदांतून वाचल्या जाणाऱ्या निबंधांत आणि आरोग्यमंत्र्यांच्या भाषणांत हेच वाक्य ‘जनतेतील अज्ञान’, ‘जागृतीचा अभाव’ अशा भारदस्त शब्दांचा पोशाख चढवून अवतरते. वाक्य खोटे नाही. रुग्ण खरोखरच उशिरा येतो. परंतु हा उशीर कोणी घडवून आणला, हा प्रश्न त्या केसपेपरवर कधीच विचारला जात नाही. आणि म्हणून ज्याची दृष्टी गेली त्याच्याच माथी ती घालविल्याचा आरोप मारून सारी यंत्रणा हात झटकून मोकळी होते.

दृष्टिपटलाच्या बाबतीत वेळेला जे मोल आहे ते मोतीबिंदूच्या बाबतीत नाही. मोतीबिंदू सहा महिने उशिरा काढला तरी सामान्यतः नजर परत येते. दृष्टिपटल हे मज्जापेशींचे पातळ अस्तर आहे. त्यातील मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पडद्याला भोक पडून तो मागच्या थरापासून सुटू लागला, आणि बारीक नजरेचे केंद्र असलेला पीतबिंदू अजून जागेवर असतानाच शस्त्रक्रिया झाली, तर वाचता-लिहिता येईल अशी नजर टिकण्याची शक्यता उत्तम असते. पीतबिंदू सुटून आठवडे लोटल्यावर तीच शस्त्रक्रिया त्याच कुशल हातांनी केली, पडदा पुन्हा बसला, तरी नजर पूर्वीची राहत नाही. म्हणजे शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ आणि माणूस मात्र अंध, असा प्रकार घडतो.

विज्ञान कमी पडले, अशी सबब येथे चालणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सुटलेला पडदा म्हणजे जवळजवळ कायमचे अंधत्वच समजले जाई. लोझान येथील ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की पडद्यातील भोक शोधून बंद केले तर पडदा पुन्हा बसतो. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातील काचाभ द्रव्य काढण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. आज पडदा सुटलेल्या दहा रुग्णांपैकी साधारण साडेआठ-नऊ जणांचा पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत बसतो. मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर वेळीच लेसर केल्यास तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९७६ मध्येच सिद्ध केले. त्यालाही अर्धशतक झाले! तेव्हा प्रश्न ज्ञानाचा नसून ते ज्ञान कोणापर्यंत पोहोचते याचा आहे.

मधुमेहाचे उदाहरण पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. सरकारच्याच २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील मधुमेहींपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यात विकार आढळला आणि ३.६ टक्क्यांत तो दृष्टी घालविण्याच्या अवस्थेला पोहोचला होता. हा विकार दुखत नाही, खुपत नाही. पडद्यावरील रक्तवाहिन्या झिरपू लागतात, नव्या ठिसूळ वाहिन्या फुटतात, आणि तोवर माणूस बसचा नंबरसुद्धा वाचू शकत असतो. ज्या दिवशी डोळ्यात रक्त उतरते त्या दिवशी तो धावत येतो. त्याने आधी यायचे ते कशाच्या आधारे? लक्षण नाही, वेदना नाही. दुसऱ्या कोणीतरी त्याच्या बाहुलीतून आत डोकावल्याशिवाय रोग कळण्याचा मार्गच नाही. पडद्याचा फोटो काढण्याचे यंत्र प्रशिक्षित तंत्रज्ञही चालवू शकतो. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर गावोगावी नेण्याची गरज नाही. जेथे मधुमेहाच्या गोळ्या मिळतात तेथेच वर्षातून एकदा हा फोटो निघाला पाहिजे. ते होत नाही, आणि उशीर मात्र रुग्णाच्या खात्यावर जमा होतो.

उपचारापर्यंत जो पोहोचला त्याच्या वाट्याला काय येते? येथून औषधांच्या मक्तेदारीचा अध्याय सुरू होतो. तो मुळापासून सांगण्याजोगा आहे.

कॅलिफोर्नियातील जेनेनटेक कंपनीचे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. नव्या रक्तवाहिन्या फुटण्याची प्रक्रिया ते रोखते. नेमकी हीच प्रक्रिया म्हातारपणी पीतबिंदू नासविणाऱ्या विकारात चालते. २००५ मध्ये मायामीतील फिलिप रोझनफेल्ड यांनी त्याचा सूक्ष्म अंश डोळ्यात टोचून पाहिला आणि गुण आला. डोळ्याला लागते सव्वा मिलिग्रॅम. कर्करोगाच्या कुपीत असते शंभर मिलिग्रॅम. एका कुपीतून डझनावारी डोळ्यांचे उपचार होऊ शकतात, आणि अमेरिकेत एका डोळ्याचा खर्च येई सुमारे ५० डॉलर. परंतु त्याच कंपनीने त्याच कुळातील रॅनिबिझुमॅब हे दुसरे औषध डोळ्यासाठी म्हणून २००६ मध्ये बाजारात आणले होते, आणि त्याच्या एका मात्रेची किंमत होती सुमारे २,००० डॉलर. एकच मालक, एकच कार्य, आणि किमतीत चाळीसपट अंतर! मालकाने काय करावे? २००७ मध्ये जेनेनटेकने स्वस्त औषध लहान मात्रांत भरून देणाऱ्या औषधशाळांना ते विकणे थांबविण्याची घोषणा केली.

दोहोंची प्रत्यक्ष तुलना करणारी चाचणी कंपनीने केली नाही. ती अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेला जनतेच्या पैशातून करावी लागली. २०११ मध्ये निष्कर्ष आला : वर्षअखेर दोन्ही औषधांनी मिळणारी नजर सारखीच. त्या चाचणीत स्वस्त औषध घेणाऱ्यांत गंभीर आजारपणाचे प्रमाण काहीसे अधिक दिसले, यावर पुढे बोट ठेवले गेले. परंतु अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करून कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये घेतलेल्या आढाव्यात सुरक्षिततेत तसा फरक आढळला नाही. त्यापूर्वीच, २०१३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हॅसिझुमॅबला डोळ्याचे औषध म्हणून अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले होते. अमेरिकेबाहेर महागडे औषध विकण्याचे हक्क नोव्हार्टिसकडे, आणि जेनेनटेकची मालकी रोशकडे. या दोन कंपन्यांनी संगनमत करून स्वस्त औषधाच्या धोक्याचा बाऊ केला, असा ठपका ठेवून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने मार्च २०१४ मध्ये दोघींना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दंड कायम केला. ‘मुक्त स्पर्धे’चे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. स्वस्त औषध सर्व रुग्णांना सर्वकाळ पुरेसे आहे, असे नाही. मधुमेहाने पीतबिंदूला सूज येऊन नजर आधीच बरीच उतरली असेल, तर अफ्लिबरसेप्ट या तिसऱ्या औषधाने पहिल्या वर्षी अधिक लाभ होतो, असे २०१५ मधील तुलनात्मक चाचणीत दिसले. पण त्याच चाचणीत सौम्य बिघाड असलेल्यांत तिन्ही औषधे सारखी ठरली. याचा अर्थ उघड आहे : लवकर शोधलेल्या रुग्णाला स्वस्त औषध पुरते, महागड्याची गरज पडते ती बहुतांशी उशिराने. म्हणजे व्यवस्थेने घडविलेला उशीरच मक्तेदाराचा ग्राहक तयार करतो.

भारतात काय घडले? जानेवारी २०१६ मध्ये गुजरातेत काही रुग्णांना या इंजेक्शनानंतर त्रास झाल्याच्या तक्रारीवरून औषध महानियंत्रकांनी देशभर डोळ्यासाठी बेव्हॅसिझुमॅब न वापरण्याची सूचना काढली. वस्तुतः कुपीतून मात्रा वेगळ्या काढताना निर्जंतुकीकरण कसे राखले, कुपी अस्सल होती की बनावट, हे पाहणे हे पहिले काम. ते सोडून औषधालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी आवाज उठविल्यावर मार्चमध्ये सूचना मागे घेतली गेली. पण इंजेक्शन दर महिन्याला लागणाऱ्या रुग्णाच्या डोळ्याला ‘सूचना मागे घेतली’ हे कळत नाही. मधल्या आठवड्यांत जे झिरपले ते झिरपले. रॅनिबिझुमॅबच्या मूळ चाचणीत दरमहा टोचल्याने सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर वर्षभर सांभाळली गेली व जवळपास एकतृतीयांशांची लक्षणीय सुधारली. हा आकडा जाहिरातीत झळकतो. मात्र तो बाराही इंजेक्शने घेणाऱ्यांचा आहे. रोजंदारी बुडवून, मुलाला कामावरून सोडवून, जिल्ह्याच्या गावी जाणारा म्हातारा तिसऱ्या खेपेनंतर येईनासा होतो. त्याची गणना कोणत्या चाचणीत?

गणनेचे राजकारण याहून सूक्ष्म आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. ध्येय होते अंधत्वाचे प्रमाण १.४ टक्क्यांवरून ०.३ वर आणण्याचे. तो प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोजत वाढला, कारण शस्त्रक्रिया मोजता येते, तीमागे अनुदान देता येते, शिबिराचा फलक लावता येतो. मोतीबिंदूने येणारे अंधत्व त्यामुळे हटले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण २०१७ मध्ये सरकारने अंधत्वाची व्याख्याच बदलली : पूर्वी सहा मीटरवरून बोटे मोजता न येणारा अंध गणला जाई, आता तीन मीटरवरून न मोजता येणारा. जागतिक व्याख्येशी जुळवून घेण्याचे कारण देण्यात आले, ते खरेही असेल. तरी एका फटक्यात किती अंध सरकारी कागदावर डोळस झाले! शिवाय ही मोजणी चांगल्या डोळ्याने होते. एक डोळा कायमचा गेलेला माणूस या आकडेवारीत अंध नाहीच.

आणि एक डोळा गेलेला माणूस म्हणजे बहुधा कोण? ग्राइंडरपुढे, लेथपुढे, हातोडा-छिन्नी घेऊन बसलेला कामगार. पोलादावर पोलाद आदळते, तांदळाच्या कणाएवढी ठिणगी बुबुळ भेदून थेट पडद्यात रुतते. फुटलेला डोळा शक्यतो चोवीस तासांच्या आत शिवला गेला पाहिजे; लोखंडाचा कण आत राहिला तर गंज पडदा मारतो, जंतू शिरले तर एकदोन दिवसांत डोळा पुवाने भरतो. कंत्राटी कामगाराला मुकादम प्रथम काय सांगतो? ‘पाणी मार, संध्याकाळी बघू.’ कारण अपघाताची नोंद झाली की निरीक्षक येईल, विम्याचे कागद निघतील, आणि त्याचे नाव हजेरीपटावर नव्हतेच हे उघड होईल. चोवीस तास तेथेच संपतात. नंतर डॉक्टर लिहितो : रुग्ण उशिरा आला.

ही दुखापत टाळणारा संरक्षक चष्मा एका इंजेक्शनाहूनही स्वस्त असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमात पडदे व गॉगल यांची तरतूद होती. तीही ‘राज्य सरकार नियमांनी आवश्यक ठरवू शकेल’ अशा मवाळ भाषेत. तो कायदा रद्द करून २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या संहितेने ‘कारखाना’ ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या विजेवर चालणाऱ्या जागी १० वरून २० आणि विजेविना २० वरून ४० वर नेली. ज्या गल्लीबोळातील शेडमध्ये अशा ठिणग्या उडतात तेथे बारा-पंधरा माणसेच राबतात. त्या शेडीला कारखाना म्हणणेच आता बंद झाले.

नुकसानभरपाईचा तक्ताही पाहण्यासारखा आहे. १९२३ च्या कायद्याने ठरविले : एक डोळा गेला व दुसरा शाबूत असेल, तर कमाईची क्षमता ४० टक्के घटली; बुबुळ जागेवर राहून नुसती नजर गेली असेल तर ३० टक्के. म्हणजे मालकाच्या हिशेबात डोळ्याचा रिकामा गोळा दहा टक्क्यांचा! एका डोळ्याने खोलीचा अंदाज गेलेला फिटर फिरत्या यंत्रापुढे किती टक्के फिटर उरतो, हे त्या तक्त्यात नाही. मालक त्याला दुसऱ्या दिवशीच ‘अयोग्य’ ठरवितो, तेव्हा मात्र शंभर टक्के.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्या लागतील. प्रत्येक मधुमेहीच्या पडद्याची वार्षिक तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रावर विनामूल्य व्हावी. बेव्हॅसिझुमॅबच्या निर्जंतुक लहान मात्रा सरकारी औषधशाळांतून भरून जिल्हा रुग्णालयांना पुरवाव्यात, म्हणजे भीतीचा बाऊ करण्यास जागा उरणार नाही. भारतीय कंपनीने २०१५ मध्येच रॅनिबिझुमॅबचा जगातील पहिला जैवसदृश पर्याय बाजारात आणला; अशा पर्यायांची सरकारी खरेदी व किंमतनियंत्रण व्हावे. डोळ्याच्या दुखापतीची नोंद, कामगारसंख्या कितीही असो, बंधनकारक व्हावी, आणि चोवीस तासांत रुग्णालयात न नेणाऱ्या मालकावर उशिराची जबाबदारी टाकावी. केसपेपरवर ‘उशिरा आला’ लिहिणाऱ्याने पुढे आणखी एक रकाना भरावा : कोणामुळे.