कागदातच मुरवलेला डेव्हलपर

कृष्णधवल छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइड आणि सिल्व्हर क्लोराइडचे सूक्ष्म कण असतात. एन्लार्जरखाली त्यांतल्या ज्या कणांवर प्रकाश पडतो त्यांत डोळ्यांना न दिसणारी सुप्त प्रतिमा तयार होते आणि नेमक्या त्याच कणांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करण्याचे काम डेव्हलपर करतो. एरवी ट्रेमधल्या द्रावणात असणारे हे द्रव्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कागदांत कारखान्यातच मिसळले जाऊ लागले. त्यासाठी हायड्रोक्विनोन सोयीचे ठरले, कारण अल्कलीवाचून त्याचे जवळजवळ काहीच चालत नाही. कोरड्या थरात ते निमूट पडून राहते आणि तीव्र अल्कलीचे द्रावण, म्हणजे ॲक्टिव्हेटर, लागताच काही सेकंदांत प्रतिमा उमटते.

याची निकड विशेषतः वृत्तपत्रांना होती. कोडॅकच्या एक्टामॅटिक किंवा इल्फर्डच्या इल्फोप्रिंट पद्धतीत कागद यंत्राच्या रुळांतून आधी ॲक्टिव्हेटरमध्ये, मग स्टॅबिलायझरमध्ये जाई आणि ओलसर प्रिंट लगेच हाती येई. मात्र स्टॅबिलायझर चांदीचे उरलेले क्षार नेहमीच्या फिक्सरप्रमाणे, म्हणजे हायपोप्रमाणे, विरघळवून काढून टाकत नाही, त्यांना तात्पुरते निष्क्रिय करतो, इतकेच. त्यामुळे असा प्रिंट नंतर रीतसर फिक्स करून धुतला नाही, तर कालांतराने त्याचा रंग बिघडतो. उद्याच्या अंकापुरते ते खपून जाई; जुनी कात्रणे आणि प्रिंट जपणाऱ्यांच्या वाट्याला मात्र तो वारसा डागाळलेलाच आला.

पॉलिथिलीनचा लेप असलेल्या आरसी कागदांतही ही युक्ती टिकली. इल्फर्डच्या मल्टिग्रेड आरसी रॅपिड या मुख्यतः यंत्रासाठी केलेल्या कागदात डेव्हलपर असे, तर त्याच घराण्यातल्या मल्टिग्रेड ४ आरसी डीलक्समध्ये नसे, आणि वरवर पाहता दोन्ही सारखेच. शंका आल्यास कागदाचा एक तुकडा उजेडात धरून त्यावर अल्कलीच्या द्रावणाचा थेंब टाकावा: कागदात डेव्हलपर असेल तर तेवढाच ठिपका झपाट्याने काळवंडतो.

ही परीक्षा लिथ प्रिंट करणाऱ्यांना आधी करावी लागते. लिथ पद्धतीत अतिशय पातळ केलेल्या हायड्रोक्विनोनच्या द्रावणात प्रतिमा बराच वेळ रेंगाळते, मग गडद भाग एकाएकी वेग घेतात आणि नेमक्या क्षणी कागद बाहेर ओढण्यातच कारागिराची कसोटी लागते. डेव्हलपर मुरवलेला कागद ट्रेमधल्या द्रावणाची वाट न पाहता स्वतःच उमटत जातो, त्यामुळे हा रेंगाळण्याचा अवधीच उरत नाही. साध्या प्रिंटमध्येही डेव्हलपर बदलून किंवा पातळ करून छटा उबदार करण्याची मुभा आकसते. वेगाच्या मोबदल्यात छपाई करणाऱ्याचा हात असा आखडला गेला, हा सौदा यंत्रावर रोज ढीगभर प्रिंट काढणाऱ्यांना परवडला, ट्रेवर वाकून एकेक प्रिंट घडवणाऱ्यांना नव्हे.