कुंपणाला कण्हेर की बोगनवेल?

घरापुढील अंगण, विहिरीचा काठ, शाळेचे पटांगण किंवा मळ्यातील वस्ती यांना शोभा आणण्यासाठी जी फुलझाडे लावली जातात, त्यांत कण्हेर व बोगनवेल यांचे स्थान बरेच वरचे आहे. दोन्ही झाडे उष्ण हवेत वाढणारी, हलक्या व मुरमाड जमिनीत तग धरणारी आणि थोड्या पाण्यावर समाधान मानणारी आहेत. चैत्र-वैशाखात इतर फुलझाडे माना टाकतात, त्या वेळीही ही झाडे फुललेली असतात. त्यामुळे दोहोंपैकी कोणते लावावे याचा फारसा विचार कोणी करीत नाही. शेजाऱ्याकडून ज्याची फांदी मिळाली, ते झाड कुंपणाला लागते. शहरातील बंगल्याच्या बागेत एवढ्याने विशेष बिघडत नाही. परंतु जेथे दावणीला बैल बांधलेले आहेत, शेळ्या मोकळ्या फिरतात आणि अंगणात मुले खेळतात, तेथे ही निवड अधिक विचारपूर्वक होणे जरूर आहे.

कण्हेरीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. पांढरी, गुलाबी व तांबडी अशी तिची फुले देवपूजेस चालतात. तिला संस्कृतात करवीर म्हणतात, यावरून आपला तिच्याशी परिचय किती जुना आहे हे कळून येते. तिची फांदी नुसत्या पाण्यात ठेवली तरी मुळे धरते. धूर, धूळ व खारट वारे ती सहन करते. तिच्या काटकपणाची साक्ष जपानमध्येही मिळते. १९४५ साली अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या हिरोशिमा शहरात प्रथम फुललेल्या झाडांत कण्हेर होती व पुढे त्या शहराने तिला आपले फूल म्हणून मान्यता दिली.

परंतु याच झाडाचे संस्कृतात दुसरे नाव अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारे, असे आहे. हे नाव अतिशयोक्तीचे नाही. कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल व बी अशी सर्वच अंगे विषारी असतात. त्यांतील ओलिअँड्रिन व तत्सम द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. पूर्ण वाढलेल्या गाईस किंवा घोड्यास दहा ते वीस पानेही प्राणघातक ठरू शकतात. शेळी-मेंढीस त्याहून पुष्कळ कमी पुरतात. पोटात कळा येणे, हगवण लागणे, नाडी अनियमित होणे व पाय गार पडणे ही विषबाधेची लक्षणे होत. पुष्कळदा ती ध्यानात येण्यापूर्वीच जनावर दगावते.

असे असूनही कण्हेर कुंपणाला लावण्याची शिफारस बहुधा एकाच कारणासाठी केली जाते, व ते म्हणजे जनावरे तिला तोंड लावीत नाहीत. हे बव्हंशी खरे आहे. हिरवे पान कडू असल्याने उभ्या झाडापासून जनावर सहसा दूर राहते. पण खरा धोका उभ्या झाडात नसून तोडलेल्या फांदीत आहे. कुंपणाची छाटणी होते, फांद्या बांधावर पडतात, दोन दिवसांत पाने सुकतात. सुकलेल्या पानांचे विष कायम राहते, परंतु जनावर ती टाळीलच असा भरवसा उरत नाही. बांधावरचे गवत कापताना ही पाने विळ्याखाली येतात आणि पेंढीतून गव्हाणीत जातात. तेथे भुकेले जनावर पाने निवडीत बसत नाही. उन्हाळ्यात चाऱ्याची टंचाई असताना तर हिरव्या पानासही तोंड लागण्याचा संभव असतो. जनावरे खात नाहीत, या समजुतीमुळेच मालक निर्धास्त राहतो व छाटणीकडे दुर्लक्ष होते. म्हणून कुंपणाच्या झाडाची पारख करताना त्याच्या छाटणीचे काय होईल, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

या कसोटीवर बोगनवेल निश्चितपणे सरस ठरते. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. १७६७ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कोमेर्सां यांना ती ब्राझीलमध्ये आढळली आणि त्यांच्या जहाजांचे प्रमुख बूगँव्हील यांचे नाव तिला मिळाले. आपल्या परिचयाची गुलबक्षी तिच्याच कुलातील आहे. जिला आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो, ती वस्तुतः रंगीत छदे, म्हणजे फुलाभोवतीची पानासारखी अंगे असतात. खरी फुले त्यांच्या आत बारीक नळीसारखी असतात. छदे लवकर कोमेजत नसल्याने शोभा पुष्कळ दिवस टिकते. मेरी पामर या जातीत तर एकाच झाडावर पांढरी व किरमिजी अशी दोन्ही रंगांची छदे येतात. शेळ्या हिचा पाला खुडतात, पण त्यापासून विषबाधेचे भय नसते. काटेरी फांद्या वाळवून कुंपणातील खिंडारे बुजविता येतात. म्हणजे एका झाडाची छाटणी गाडून टाकावी लागते, तर दुसऱ्याची कामास येते.

बोगनवेलीस दोष नाहीत असे नव्हे. तिच्या फुलांना सुवास नसतो व पूजेसाठी त्यांचा उपयोग सहसा होत नाही. काटे तीक्ष्ण असतात; छाटलेल्या फांद्या वेळीच गोळा न केल्यास त्या माणसांच्या व बैलांच्या पायांत रुततात. काहींच्या कातडीस ओरखड्यामुळे खाजही सुटते. छाटणी टाळल्यास वेल अस्ताव्यस्त पसरून वाट अडविते. परंतु हे सर्व दोष डोळ्यांना दिसणारे आणि थोड्या मेहनतीने आवरता येणारे आहेत. काटा रुतला तर काढता येतो. गव्हाणीत गेलेले विष परत काढता येत नाही.

लागवड सोपी आहे. जून फांदीचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे व १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे फाटे पावसाळ्यात वाळूमिश्रित मातीत लावावेत. ज्या जातींचे फाटे मुळे धरीत नाहीत, त्यांची गुटी बांधावी. कुंपणासाठी १ ते १.५ मीटर अंतरावर खड्डे घेऊन त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. जागा भरपूर उन्हाची असावी. काळ्या जमिनीत पाणी साचू देऊ नये, अन्यथा मुळे कुजतात. झाड रुजल्यावर पाणी बेताने द्यावे. पाणी व नत्र अधिक झाल्यास पालाच माजतो. किंचित ताण बसला की बहर भरघोस येतो. फुले नव्या फुटीवर येत असल्याने, उन्हाळी बहर ओसरताच पावसाच्या तोंडावर छाटणी करावी.

ज्यांच्याकडे आज कण्हेर आहे, त्यांनी ती एकदम उपटून टाकावी असे नाही. पूजेच्या फुलांसाठी एखादे झाड गोठा, गव्हाण व चाऱ्याची गंजी यांपासून दूर, मुलांच्या हाताबाहेर राखण्यास हरकत नसावी. मात्र छाटणी त्याच दिवशी गोळा करून खोल खड्ड्यात पुरावी. ती जाळू नये, कारण धूरही अपायकारक असतो. तिच्या काड्या चुलीत घालू नयेत किंवा दातवणासाठी वापरू नयेत. पिवळी कण्हेर ऊर्फ बिट्टी हीदेखील तितकीच विषारी आहे. तिच्या बिया मुले खेळावयास घेतात, म्हणून शाळेच्या आवारात तिला थारा नसावा. जनावराने कण्हेर खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे व खाल्लेल्या पाल्याचा नमुना त्यास दाखवावा.

नवे कुंपण घालताना मात्र संदेह नसावा. गोठ्याजवळ, चराऊ बांधावर व शाळेभोवती बोगनवेलच लावणे हितावह होय. येत्या पावसाळ्यात फाटे लावू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी रंगाची आवड अवश्य पाहावी. परंतु त्याआधी आपली जनावरे कोठे बांधली जातात व चारा कोठून कापला जातो, हे पाहून घ्यावे.