विमान तीन तास, टॅक्सी चार तास

येरवड्यातल्या माणसाला विमानाचं कौतुक नसतं. सबमिशनच्या रात्री जरा डोळा लागला, की सकाळी सुखोई उठवतं! पण मित्रांनो, इथून दुबईला नोकरीला गेलेले बहुतेक जण विमान पकडतात ते मुंबईला.

मुंबई-दुबई सरळ अंतर सुमारे १९३० किमी, हवेत साधारण तीन तास. तिकडचं घड्याळ दीड तास मागे, म्हणून तिकिटावरच्या वेळा बघितल्या तर जाताना दीडच तास लागल्यासारखा वाटतो आणि येताना साडेचार. विमान तेच हां!

खरा हिशोब वेगळाच. येरवड्याहून मुंबईचा विमानतळ दीडशे किमी, टॅक्सीने चार तास. घाटात ट्रॅफिक लागलं तर देवच जाणे. लोहगाव मात्र घरापासून पाच-सहा किमी.

लोहगावची धावपट्टी एअर फोर्सची, लांबी जेमतेम अडीच किमी. टाकी फुल्ल भरलेलं जंबो तिथून उडणं कठीण, हे मान्य. पण दुबईला जंबो लागतंच कशाला? दिल्लीला जातं ते एअरबस ए-३२० पुरतं. पुण्याहून दुबईला विमानं गेलेलीही आहेत. माझं म्हणणं एवढंच, की ती रोज आणि परवडणारी हवीत. वर्षातून एकदा पंधरा दिवस घरी येणाऱ्या माणसाचे जाऊन-येऊन आठ तास एक्सप्रेसवेवर का जावेत?