रस्ता बंद आहे, हे नकाशालाही कळवा

जानेवारीत सोलापुरात दोन गोष्टी एकदम येतात, कांदा आणि गड्डा. हैदराबाद रोडवरच्या बाजार समितीत कांद्याचे शेकडो ट्रक लागतात. त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्डा, असते. बाळीवेशीतून सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना जाऊन येतात, संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. त्या वेळी ते रस्ते माणसांचे असतात आणि असायलाच हवेत. माझं मालवाहतुकीचं बुकिंग ऑफिस आहे. एरवी चादर-टॉवेलच्या गाठी, हंगामात कांदा. त्या पंधरवड्यात रात्रीसुद्धा फोन जवळ घेऊनच झोपावं लागतं. फोन करणारा ड्रायव्हर बहुधा बाहेरचा, तेलंगणातला नाहीतर तमिळनाडूतला, आणि त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "शेठ, मॅप सीधा रास्ता दिखा रहा है, जाऊँ क्या?"

मी सांगतो, नको.

मॅप वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पुण्याहून निघालेली गाडी कुठे खोळंबली, किती वाजता पोचेल, हे आता मी ऑफिसात बसून व्यापाऱ्याला सांगू शकतो. पूर्वी ढाब्यावरच्या फोनची वाट बघावी लागायची. पण मॅपवर रस्ता लाल कसा होतो, हे समजून घेतलं पाहिजे. रस्त्यावरच्या लोकांच्या खिशातले फोन किती वेगाने सरकताहेत यावरून तो रंग ठरतो. गूगलने ही पद्धत 2009 मध्येच जाहीरपणे सांगितली होती. 2020 मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने बर्लिनमध्ये 99 फोन एका हातगाडीत घालून ती रस्त्याने हळूहळू ओढली, तर मोकळा रस्ता नकाशावर लाल झाला. म्हणजे नकाशा रस्ता बघत नाही, फोन बघतो. कोंडी दिसायला आधी कुणालातरी त्या कोंडीत अडकावं लागतं.

जी कोंडी अचानक होते, तिच्यासाठी हे ठीक आहे. अपघात झाला, कंटेनर बंद पडला, तर दुसरा उपायच नाही. पण नंदीध्वजांची मिरवणूक अचानक येते का? तिची तारीख, तिचा मार्ग पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या पालख्यांचा रोजचा मुक्कामही आधी ठरलेला असतो. वाहतूक वळवल्याचा आदेश निघतो, वर्तमानपत्रात मराठीत छापून येतो. सेलमहून आलेला ड्रायव्हर तो कुठे वाचणार? त्याला मराठी येत नाही, आणि सोलापूरचा पेपर त्याच्या हाती पडत नाही. त्याच्या हातात फक्त फोन असतो, आणि फोनमध्ये तो आदेश नसतो.

ट्रकवाल्यांची आणखी एक अडचण आहे, आणि ती कारवाल्यांच्या लक्षात येत नाही. आपण सगळे जो नकाशा वापरतो, त्यात कारचा पर्याय आहे, दुचाकीचा आहे, बसचा आहे, पायी चालण्याचाही आहे. ट्रकचा नाही. अवजड वाहनांना शहरात कोणत्या वेळी बंदी आहे, कोणत्या पुलाखालून उंच गाडी जाणार नाही, हे त्याला कळतच नाही. मागच्या हंगामात माझ्याकडे भाड्याला आलेली एक बाराचाकी अशीच फोनच्या भरवशावर पेठेतल्या बोळात शिरली. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, दारात लावलेल्या दुचाक्या, वर लोंबणाऱ्या वायरी. पुढे जाता येईना, वळता येईना. गल्लीतल्या पोरांनी एकेक दुचाकी उचलून बाजूला केली, क्लीनरने मागे उभं राहून हात दाखवला आणि गाडी उलटी काढली. बंदीच्या वेळेत शिरला म्हणून दंड झाला तो वेगळाच. त्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरची लाज मला अजून आठवते. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं.

कुणी म्हणेल, सोलापूर ते केवढं, पानटपरीवर विचारलं तरी रस्ता कळतो. सोलापूरकराला कळतो. पण तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि गाणगापूर यांच्या मधोमध आपलं शहर आहे. पुणे-हैदराबाद आणि विजापूर-धुळे हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. बाहेरच्या गाड्या रोज आपल्या दारातून जाणारच. त्या चुकीच्या गल्लीत शिरल्या की त्रास गल्लीतल्या लेकराबाळांनाच होतो.

उपाय खर्चिक नाही. रिओ दि जानेरोसारखी शहरं 2014 पासून वेझ या अ‍ॅपला रस्ताबंदीची माहिती स्वतःहून देत आली आहेत, आणि वेझ गूगलच्याच मालकीचं आहे. आपल्याकडेही वाहतूक वळवण्याच्या आदेशावर सही झाली, की त्याच दिवशी कोणता रस्ता कुठून कुठपर्यंत, किती वाजेपर्यंत बंद, ही माहिती नकाशा चालवणाऱ्या कंपन्यांकडे गेली पाहिजे. हे काम एका शिपायाकडे नेमून दिलं तरी होईल. तोच आदेश हिंदी, तेलुगू आणि कन्नडमध्ये टोलनाक्यांवर लावावा. बाजार समितीनेही हंगामात रोज संध्याकाळी आवारात किती गाड्यांची जागा शिल्लक आहे ते जाहीर करावं. तेवढं कळलं तर मी गाडी मोहोळलाच थांबवीन. ड्रायव्हर जेवेल, झोपेल आणि पहाटे निवांत आत येईल.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या भागात रस्ता बंद दिसला, तर अ‍ॅपमध्ये तसं कळवायची सोय आहे, ती वापरा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मागून येणाऱ्या अनोळखी ड्रायव्हरची त्याने अख्खी रात्र वाचते.